गाडीचं पासिंग: कोटेशनमधली 'आरटीओ'ची ओळ स्वतः काढायची कशी?

सदाफुली

गेल्या वर्षी आम्ही घरातली पहिली गाडी घेतली. शोरूममधल्या मुलाने कोटेशन हातात ठेवलं. बाकी सगळं छापील, पण एक्स-शोरूम किमतीखाली एक ओळ पेनाने लिहिलेली: 'आरटीओ १,१४,५००'. यात काय काय आलं, असं मी विचारलं. "मॅडम, पासिंगचं सगळं आलं," एवढंच उत्तर. गाडी घरी येण्याचा आनंद मोठा होता, पैसे भरून टाकले.

दीड महिन्याने आरसी आली. फाईल लावताना सहज म्हणून परिवहनच्या वाहन पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून पावती काढली. एकरकमी कर १,०३,६२०. नोंदणी शुल्क ६००. स्मार्ट कार्ड २००. कर्जाचा बोजा चढवल्याचे १,५००. बेरीज १,०५,९२०. म्हणजे ८,५८० रुपये असे होते ज्यांची सरकारी पावतीच नव्हती.

पुन्हा शोरूम गाठलं. आधी "एजंटचा खर्च", मग "कागदपत्रांचा खर्च" असं ऐकायला मिळालं. मी प्रत्येक वेळी एकच म्हटलं, पावती द्या, मी तक्रार करणार नाही. पावती मिळाली नाही. शेवटी व्यवस्थापकांना लेखी पत्र दिलं, सोबत पोर्टलवरची पावती जोडली. तीन आठवड्यांनी पूर्ण रक्कम खात्यात आली. पैशांपेक्षा मला याचं वाईट वाटलं की हा हिशोब मी आधीच वहीच्या एका पानावर करू शकले असते. आता धाकटा भाऊ गाडी घेतोय, त्याच्यासाठी तो मांडला, तोच इथे देते. महाराष्ट्रापुरता आहे, कारण हा कर राज्याचा असतो आणि प्रत्येक राज्यात वेगळा.

पासिंगच्या खर्चात एक बाब डोंगराएवढी आणि बाकीच्या खड्यांएवढ्या. डोंगर म्हणजे मोटार वाहन कर, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. व्यक्तीच्या नावावरच्या खासगी गाडीला तो एकदाच भरायचा. पेट्रोल गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४ आणि १५. सीएनजी-एलपीजीचा दर १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला, आता ८, ९ आणि १०. फार महागड्या गाड्यांसाठी या कराला कमाल मर्यादा आहे, तीही त्याच दिवशी २० लाखांवरून ३० लाख झाली.

खडे केंद्राच्या नियमांतले आहेत आणि देशभर सारखे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ८१. हलक्या खासगी वाहनाची नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजाची नोंद १,५००. आरसी टपालाने येण्याचा किरकोळ खर्च. संपलं. रोखीने गाडी घेणाऱ्याच्या कोटेशनमध्ये बोजाचे १,५०० दिसले तर लगेच बोट ठेवा.

माझी गाडी पेट्रोलची, एक्स-शोरूम ९,४२,०००. त्याचे ११ टक्के १,०३,६२०, वर २,३००. शाळेतल्या मुलालाही जमेल असं गणित आहे. आपापले अनुभव लिहा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

घाटरस्ता

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी याच आठवड्यात बुकिंग करणार आहे. तुमचं वाचून रात्री गणित मांडलं आणि एक भलतीच गोष्ट हाती लागली.

माझ्या पसंतीची पेट्रोल गाडी ९,९४,००० ला आहे. बायकोला काळ्या छताची दुरंगी हवी आहे, त्याचे कंपनी १५,००० जास्त घेते आणि ते एक्स-शोरूम किमतीतच धरलेले असतात. म्हणजे गाडी झाली १०,०९,००० ची. आधी कर १,०९,३४० होत होता. आता टप्पा बदलला, १२ टक्के लागले, आणि तेही पूर्ण किमतीवर, फक्त वरच्या नऊ हजारांवर नाही. १,२१,०८०. काळं छप्पर १५,००० चं नाही, २६,७४० चं पडतंय.

सेल्समनला हे दाखवलं तर तो म्हणाला, वर टीसीएस पण लागेल. ते काय प्रकरण आहे?

तळटीप

टीसीएस म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन तुमच्या पॅनवर जमा केलेला आयकर. गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का, १ जून २०१६ पासून लागू आहे. यातही फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. तुमच्या बाबतीत १०,०९० रुपये.

पण याला पासिंगचा खर्च समजू नका. हा पैसा तुमचाच आहे. २६एएस या आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात तो दिसतो आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो, कर देय नसेल तर परतावा मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. गाडी ज्याच्या नावावर त्याचाच पॅन बिलावर हवा. आणि विवरणपत्र भरण्याआधी शोरूमने ती रक्कम खरंच जमा केली आहे ना, हे २६एएस मध्ये बघा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंची गाडी त्यांच्या नावावर आणि पॅन यजमानांचा लागला होता. ते निस्तरण्यात सहा महिने गेले.

अंदाजपत्रक करताना दोन रकाने करा: 'गेलेले पैसे' आणि 'परत येणारे पैसे'. टीसीएस दुसऱ्या रकान्यात.

इंद्रधनू

सीएनजीचा मुद्दा कुणीतरी नीट मांडायला हवा, कारण लोक फक्त एक्स-शोरूम बघून "सीएनजी ९० हजारांनी महाग" म्हणून सोडून देतात.

समजा एकाच गाडीचं पेट्रोल मॉडेल ८,१०,००० ला आणि कंपनीतून सीएनजी बसवून आलेलं ९,००,००० ला आहे. पेट्रोलचा कर ११ टक्क्यांनी ८९,१०० आणि सीएनजीचा ८ टक्क्यांनी ७२,०००. कर १७,१०० ने कमी. दारात गाडी येईपर्यंत फरक ९० हजार नाही, ७२,९०० उरतो. आता तुमचं महिन्याचं धावणं किती, यावर ठरवा.

काळी_पाटी

माझी चूक इथे लिहून ठेवतो. आमची छोटी खासगी कंपनी आहे. सल्लागाराने सांगितलं, गाडी कंपनीच्या नावावर घ्या, घसारा (गाडीच्या झिजेपोटी मिळणारी आयकरातली वजावट) मिळेल. घेतली. पासिंगचा आकडा बघून डोळे फिरले. कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे २० टक्के कर लागतो, पेट्रोल असो की डिझेल. आयात केलेल्या गाडीलाही तसंच.

१५ लाखांची पेट्रोल गाडी माझ्या स्वतःच्या नावावर १,८०,००० कर भरून रस्त्यावर आली असती. कंपनीच्या नावावर ३,००,००० भरले. घसाऱ्याचा फायदा आणि हे जादा १,२०,००० हे दोन्ही एका कागदावर मांडल्याशिवाय नाव ठरवू नका. मी सही केल्यावर मांडले.

चौथा_गिअर

मी सहा वर्षं एका शोरूमच्या हिशोब विभागात होतो, आता बाहेर आहे. दुसरी बाजू सांगायला हवी म्हणून लिहितोय.

कोटेशनमध्ये 'आरटीओ' एका ओळीत का लिहितात? कारण ग्राहक पहिल्यांदा येतो तेव्हा कर्ज आहे की नाही, नाव कुणाचं, पेट्रोल की सीएनजी, यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून थोडा वाढवून गोल आकडा लिहितात. पुढे आकडे पक्के झाले की फरक परत करायचा किंवा दुसऱ्या खात्यात वळवायचा, असं असतं. परत करण्याची वेळ आली की तो फरक कुणाच्याच टेबलावर नसतो, ही खरी अडचण. ग्राहकाने विचारलं तर मिळतो. आमच्याकडे शंभरातले फार थोडे विचारायचे.

कामही असतं. नमुना २० मधला अर्ज, नमुना २१ चं विक्री प्रमाणपत्र, गाडी रस्त्यायोग्य असल्याचा नमुना २२, विमा, पत्त्याचा पुरावा, सगळं स्कॅन करून पोर्टलवर चढवणारा एक माणूस पूर्ण वेळ बसलेला असतो. कागद परत आला की पुन्हा चढवायचा. पूर्ण तयार होऊन आलेली नवी कार आता तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, शोरूममधूनच काम होतं. म्हणजे ग्राहकाचा एक दिवस वाचतो, तो त्या माणसाच्या पगारातून वाचतो.

सदाफुली

चौथा_गिअर, आतली बाजू मोकळेपणाने सांगितलीत, आभार. त्या माणसाच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. त्याचा पगार गाडी विकणाऱ्याच्या नफ्यातून यावा, आणि शुल्क घ्यायचंच असेल तर वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावाने, जीएसटीसह पावती देऊन घ्यावं. सरकारच्या नावाखाली घेऊ नये. 'आरटीओ' लिहिलं की आपण घासाघीस करत नाही, कारण वाटतं सरकारी आहे, ठरलेलं आहे. त्या शब्दाचा तेवढा मान राहायला हवा.

चौथा_गिअर

हे मान्य. 'हँडलिंग' आणि 'लॉजिस्टिक' या ओळींचंही तेच. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. या दोन ओळी सरकारी नाहीत, त्यांना नाही म्हणता येतं. तोंडी नाही म्हणू नका, कोटेशन दुरुस्त करून मागा.

एक अजून. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के आणि वर उपकर होता, तो १८ झाला. किंमत उतरली की तिच्यावरचा रोड टॅक्सही उतरतो. कुणी त्याआधीचं कोटेशन जपून ठेवलं असेल तर त्यावरून अंदाज बांधू नका.

पाऊलवाट

सवलतीबद्दल कुणी सांगाल का? शोरूम ३०,००० कमी करतंय. मग कर कमी झालेल्या किमतीवर की मूळ?

घाटरस्ता

मीही विचारलं होतं. आमच्याकडे त्यांनी सरळ सांगितलं की पोर्टलवर कंपनीने नोंदवलेली किंमत येते, कर तिच्यावर. अंदाज काढताना पूर्ण एक्स-शोरूमच धरा. कमी निघाला तर आनंदच आहे.

निळी_वीज

विजेवरची गाडी घेणाऱ्यांसाठी. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. केंद्रानेही ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांचं आरसीचं शुल्क माफ केलं. मध्यंतरी, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात, ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो मागे घेतला गेला. काही जण अजून त्या बातमीवर अडकलेत.

माझ्या पावतीत स्मार्ट कार्ड आणि बोजाची नोंद, एवढ्याच दोन ओळी होत्या. तरी पहिल्या कोटेशनमध्ये 'आरटीओ १२,०००' होतं. विचारल्यावर खोडलं.

सागरगोटा

विम्याचं इथे विचारू का? तोही पासिंगमध्येच धरतात ना?

तळटीप

शुल्क वेगळं, पण विम्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही, म्हणून एकाच दमात भरावं लागतं. नव्या कारला तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून. त्याचे दर ठरलेले आहेत. १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० पर्यंत १०,६४०, त्यावर २४,५९६. यावर १८ टक्के जीएसटी. १२०० सीसीच्या आसपासच्या गाडीला १२,५५५ रुपये धरा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेतला तरी चालतो. फरक पडतो तो इथेच. शोरूमने दिलेला आकडा आणि बाहेरून काढलेला आकडा शेजारी ठेवून बघा. विमा कुणाकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवता. "आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा.

रानफूल२

आम्हाला मुलीच्या जन्मतारखेचा नंबर हवा होता, म्हणून चौकशी केली. पसंतीच्या क्रमांकांचं शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये वाढलं. चारचाकीच्या ०००१ ला ५ लाख, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या शहरांत ६ लाख. साध्या क्रमांकांना अर्थात खूप कमी, पण जो मिळेल तो घेतला तर शून्य. आम्ही शून्य निवडलं आणि ते पैसे तिच्या खात्यात टाकले.

उंबरठा

माझी नोकरी बदलीची. बीएच मालिकेची (राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा 'BH' क्रमांक) माहिती देतो, सप्टेंबर २०२१ पासून मिळते. संरक्षण दल, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी, आणि ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले कर्मचारी अर्ज करू शकतात. खासगीवाल्यांना कंपनीकडून नमुना ६० (नोकरीचा दाखला) आणावा लागतो.

कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने. १० लाखांच्या आत ८ टक्के, १० ते २० ला १०, त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. किंमत जीएसटी वगळून धरतात. पहिल्या दिवशी पूर्ण कर नाही, एकच हप्ता, म्हणून खिशातून खूपच कमी जातात. पण हप्त्याची तारीख चुकली की दिवसाला १०० रुपये दंड. माझे ४१ दिवस चुकले होते. फोनमध्ये आठवण लावून ठेवा, आणि गाडी विकायची असेल तर घेणाराही बीएचला पात्र आहे का, हे आधी बघा.

स्थलांतर

मी उलट्या टोकाला आहे. बंगळुरूत घेतलेली गाडी घेऊन कायमचा पुण्यात आलो. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. तिथून नमुना २८ ची ना-हरकत, बँकेची ना-हरकत, इथे नव्या क्रमांकासाठी नमुना २७ आणि पत्ताबदलासाठी ३३. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी करून लावतात.

मला जे आधी कुणी सांगितलं नाही ते हे: तिथे भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण इथली नवी आरसी हातात आल्यावर. म्हणजे काही महिने दोन्ही राज्यांचा कर तुमच्याच खिशातून गेलेला असतो. तेवढी रोकड बाजूला ठेवूनच सामान बांधा. आणि तिथली कराची मूळ पावती! माझी पावती शोरूमच्या फाईलमध्येच राहिली होती. ती मिळवायला बंगळुरूची एक खेप झाली.

काळी_पाटी

जुनी गाडी भंगारात देणाऱ्यांनी अधिकृत केंद्रातून ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं, आणि राज्याने मे २०२५ मध्ये करात १५ टक्के सवलतीचा निर्णय घेतला आहे, गाडी त्याच प्रकारची हवी. सव्वा लाखाच्या करावर १५ टक्के म्हणजे जवळजवळ १९ हजार. भंगारवाल्याने दोन हजार जास्त दिले म्हणून प्रमाणपत्र सोडू नका.

उलट गाडी ठेवायचीच असेल तर १५ वर्षांनंतर कारची नोंदणी पुन्हा करायला ५,००० लागतात, २० वर्षांच्या वरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००.

घाटरस्ता

आज शोरूममध्ये जाऊन आलो. एकरंगीच घ्यायची ठरलं. बायकोने स्वतः आकडे मांडले आणि म्हणाली, छप्पर मी वरून कधी बघणार आहे!

माझा हिशोब १,०९,३४० अधिक २,३००, म्हणजे १,११,६४०. त्यांचं 'आरटीओ' १,१३,१४०. फरक बरोबर १,५००. मी ओळी वेगळ्या करून मागितल्या. मुलीने संगणकावर उघडून दाखवलं तर बोजाचे ३,००० धरलेले. ते मध्यम आणि अवजड वाहनांचे. तिने हिशोबनीसांना बोलावलं, त्यांनी नियम बघितला आणि माझ्यासमोर आकडा बदलला. कुणी आवाज चढवला नाही, कुणाला वाईट वाटलं नाही. दहा मिनिटांचं काम.

'लॉजिस्टिक ६,५००' मात्र काढायला तयार नाहीत. बुकिंग केलं नाही. त्याच कंपनीचं दुसरं शोरूम आहे, शनिवारी तिकडे जातोय.

सदाफुली

छान केलंत. शनिवारी बुकिंगची रक्कम दिलीत तर ती किती दिवसांत, किती कपात करून परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. आणि गाडी नावावर झाली की कराची पावती पोर्टलवरून स्वतः काढा, शोरूमच्या फाईलमध्ये राहू देऊ नका. स्थलांतर यांची खेप आठवते ना?